रविवारची मिस्सा आणि बाकीचे सहा वार

शेजारच्या काकूंनी परवा जिन्यात गाठून विचारलं, "अगं, तुमच्यात चतुर्थी नाही, एकादशी नाही, मग आठवडा कसा सरतो हे कळतं तरी कशावरून?" काकूंचा सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. इंदुरात येऊन त्यांच्या घराण्याला चार पिढ्या झाल्या, बोलण्यात निम्मी हिंदी शिरली, पण वार जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, "काकू, वार आम्हा कॅथलिक ख्रिस्त्यांचेही असतात." मग तिथेच जिन्यात अर्धा तास उभ्याने बोलणं झालं आणि तरी निम्मं राहिलंच. राहिलेलं इथे लिहिते आहे, कारण काकूंसारखंच कुतूहल असलेली मराठी माणसं मला नेहमी भेटतात. विचारावं की नाही, या संकोचात ती गप्प राहतात.

शब्दांपासून सुरुवात करते, कारण इंदूरच्या मराठी कॅथलिक माणसाकडे एकेका गोष्टीला दोन-दोन नावं असतात. इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात त्याला महाराष्ट्रात धर्मग्राम म्हणतात आणि इथल्या हिंदीत पल्ली. मला धर्मग्राम हा शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात गाव आहे. ग्रामदैवत कुणी निवडून घेत नाही. ज्या शिवारात आपण राहतो त्या शिवाराचं ते असतं. धर्मग्रामाचंही तसंच. चर्चची इमारत हा त्याचा एक भाग झाला. धर्मग्राम म्हणजे ठरलेल्या हद्दीत राहणारी सगळी कॅथलिक माणसं आणि त्यांची जबाबदारी सोपवलेले फादर. अमुक चर्चमधलं गाणं छान किंवा तमुक फादर चांगलं बोलतात म्हणून तिथे मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, जायला कुणाची आडकाठी नसते. पण बाप्तिस्मा, लग्न, मयत यासाठी माणूस आपल्या हद्दीतल्या चर्चचा धरला जातो. आमच्या लॅटिन परंपरेच्या कॅथलिक चर्चचा सध्याचा कायदा १९८३चा आहे, त्यात हे हद्दीचं तत्त्व लिहिलेलं आहे.

अशा पुष्कळ धर्मग्रामांचा एक धर्मप्रांत होतो आणि त्याचे प्रमुख बिशप. इंदूरचा धर्मप्रांत १९५२चा. त्याआधी १९३५ पासून हा भाग मिशनचं वेगळं क्षेत्र म्हणून ओळखला जायचा आणि इथे एस.व्ही.डी. (सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड) संघाचे फादर काम करत. हा संघ १८७५ मध्ये हॉलंडमधल्या स्टाइल गावी सुरू झाला. बिशपांचं मुख्य चर्च असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचं आहे; सगळं इंदूर त्याला लाल चर्च म्हणतं. व्हाइट चर्च निराळं, ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतलं. आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या उज्जैनचा धर्मप्रांत कॅथलिकच, पण सिरो-मलबार परंपरेचा. पोप तेच, श्रद्धा तीच, उपासनेची रीत मात्र केरळच्या जुन्या ख्रिस्ती लोकांची.

आमचं धर्मग्राम लहान आहे, शहराच्या कडेला. शंभरच्या आसपास कुटुंबं. त्यात केरळहून आलेल्या नर्सबाई आणि शिक्षक आहेत, झाबुआ-अलीराजपूरकडची भिल्ल कुटुंबं आहेत, झारखंड-छत्तीसगडची उरांव मंडळी आहेत, निवृत्त झालेले तमिळ फौजी आहेत, दोन गोव्याची घरं आहेत आणि आम्ही तीन-चार मराठी. आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं. नगर आणि इंदूर हे नातं अहिल्याबाईंच्या चौंडीपासूनचं, असं माझे वडील नेहमी अभिमानाने सांगायचे. या सगळ्यांची घरातली भाषा वेगळी, जेवण वेगळं, लग्नातली गाणी वेगळी. एरवी ही माणसं एका छपराखाली कशाला आली असती? आणि आली तर बोलली काय असती?

हे कसं जमतं, ते मला आजीमुळे कळलं. ती एकदा नगरहून महिनाभर राहायला आली होती. हिंदी तिला भाजीवाल्यापुरतीही येत नव्हती. पहिल्या रविवारी मी तिच्या शेजारी बसले, काही अडलं तर सांगावं म्हणून. सांगायची वेळच आली नाही. फादर हिंदीत म्हणाले की प्रभू तुमच्याबरोबर असो, आणि सगळं चर्च हिंदीत उत्तर देत असताना आजीने मराठीत, मोठ्याने, अगदी वेळेवर उत्तर दिलं. उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, छातीवर हात कधी ठेवायचा, तिला सगळं ठाऊक होतं. घरी आल्यावर मी नवल केलं तर म्हणाली, "त्यात काय, मी लहान असताना तर लॅटिनमध्ये असायचं. दोमिनुस वोबिस्कुम. तेव्हाही कळत होतंच की कुठं काय चाललंय." मिस्सेचा क्रम पक्का ठरलेला असतो. नवख्याला तो कंटाळवाणा वाटतो, पण त्या क्रमामुळेच अलीराजपूरचा मजूर, कोट्टायमची नर्स आणि नगरची म्हातारी पहिल्याच दिवशी एकत्र प्रार्थना करू शकतात. आधी ओळख व्हावी लागत नाही, भाषाही जुळावी लागत नाही.

आता आठवडा. तो आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी सुरू होतो. जुन्या यहुदी हिशेबात दिवस सूर्यास्तापासून मोजत, तीच पद्धत चर्चने मोठ्या सणांसाठी आणि रविवारसाठी ठेवली. त्यामुळे शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. हॉस्पिटलात रविवारी सकाळची ड्यूटी असलेल्या नर्सना याचा मोठा आधार. रविवारच का, तर येशू मरणातून उठला तो आठवड्याचा पहिला दिवस होता, म्हणून. दर रविवार हा छोटा ईस्टरच आहे. मिस्सा चुकवू नये, असं आम्हाला लहानपणापासून सांगतात ते यासाठीच. आजारपण, लहान मूल, टळणार नाही अशी नोकरी असेल तर गोष्ट वेगळी.

शनिवारी दुपारी चर्च झाडून-पुसून होतं. वेदीवरची पांढरी वस्त्रं धुऊन इस्त्री होतात. आमच्याकडे हे काम बायका आळीपाळीने करतात आणि फुलं बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंगणातली असतात. मग फादर पापनिवेदनासाठी बसतात, हिंदीत पाप-स्वीकार. सिनेमात जाळीचा लाकडी कठडा दाखवतात तोच प्रकार, पण लहान चर्चमध्ये कोपऱ्यातली एक खुर्चीही पुरते. माणूस आपल्या चुका तोंडाने बोलतो, फादर दोन शब्द सांगतात, काहीतरी प्रायश्चित्त देतात आणि देवाच्या नावाने क्षमा उच्चारतात. गंभीर पाप घडलं असेल तर वर्षातून एकदा तरी हे करावं, असा नियम आहे. इथे जे बोललं जातं ते फादर कुणालाही सांगू शकत नाहीत: पोलिसांना नाही, बिशपांना नाही, जीव जायची वेळ आली तरी नाही. मुद्दाम सांगितलं तर ते आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतात. मला स्वतःला आत जायच्या आधी दर वेळी धाकधूक होते आणि बाहेर आल्यावर दर वेळी खांदे हलके वाटतात. तीस वर्षांत यात फरक पडलेला नाही.

रविवारच्या मिस्सेचे दोन मोठे भाग. पहिल्यात देवाचं वचन ऐकायचं, दुसऱ्यात भोजनाला बसायचं.

मिस्सेची सुरुवात होते ती चूक कबूल करण्यापासून. सगळे मिळून म्हणतात की मी विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्यात कसूर करून पाप केलं आहे, आणि छातीवर हात मारून घेतात. फादरही हेच म्हणतात, आमच्याबरोबर. त्यानंतरची दयेची याचना ग्रीकमध्येही म्हणता येते: क्यिरिये एलेइसोन. पुढे येणारे आमेन आणि आलेलुया हे हिब्रू. दोन हजार वर्षांच्या वाटेत एकेका भाषेचा एकेक खडा आमच्या झोळीत पडत गेला. आमचा मिस्सा हा शब्दही लॅटिन, तो पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्याला लागला. पाद्री त्याच जहाजातून आला आणि आपण मिसळीबरोबर खातो तो पावसुद्धा.

मग वाचनं. रविवारी तीन असतात: पहिलं बहुधा बायबलच्या जुन्या करारातलं, त्यावर एक स्तोत्र, दुसरं प्रेषितांच्या पत्रांमधलं, आणि शेवटी शुभवर्तमान, जे येशूच्या आयुष्यातलं असतं आणि उभं राहून ऐकायचं असतं. कोणत्या रविवारी काय वाचायचं हे फादर ठरवत नाहीत. तीन वर्षांचं चक्र आहे. एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाचं शुभवर्तमान खास काळांत येतं. २०२५ हे साल तीनने भागलं जातं, म्हणून ते लूकचं. असा सोपा हिशेब आहे. फक्त चर्चचं वर्ष जानेवारीत उजाडत नाही, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी उजाडतं. चक्र एकच असल्यामुळे एखाद्या रविवारी इंदुरात जे वाचलं जातं तेच त्या दिवशी वसईत, मनिलात आणि रोममध्ये वाचलं जातं. माझी मावशी नाशिकला असते. रविवारी दुपारी फोनवर आम्ही दोघी प्रवचनाबद्दल बोलतो, कारण विषय दोघींकडे एकच असतो.

मी स्वतः वाचन करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून या भागाबद्दल जरा जास्त बोलते. आठवड्याच्या मध्याला व्हॉट्सअ‍ॅपवर नावं येतात: पहिलं वाचन कोण, स्तोत्र कोण, विश्वासूंच्या प्रार्थना कोण. मराठीतला यशया हिंदीत इसायाह होतो, मार्क मारकुस होतो, लूक लूकस होतो. मी घरी मोठ्याने वाचून जीभ वळवून घेते. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका भिल्ल मुलीने पहिल्यांदा वाचन केलं. अकरावीत शिकते, होस्टेलवर राहते. तीन ओळींनंतर तिचा आवाज अडकला. चर्चमध्ये कुणी चुळबूळ केली नाही, कुणी पुढे होऊन कागद घेतला नाही. ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. तिच्या घराण्यात शाळेत गेलेली ती पहिली आणि त्या सकाळी शिक्षक, डॉक्टर, फौजी असे सगळे तिचं ऐकत बसले होते. वाचणाऱ्याचं घराणं कोणतं असावं, अशी अट चर्चने या कामाला घातलेली नाही, याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

प्रवचनानंतर सगळे उभे राहून श्रद्धेचा जाहीरनामा म्हणतात. त्याचा मसुदा ३२५ साली निकाया इथल्या धर्मपरिषदेत झाला आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला पूर्ण झाला. पुढे प्रार्थना होतात: देशासाठी, आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, दहावी-बारावीच्या मुलांसाठी.

मग दुसरा भाग. दानाची पिशवी फिरते आणि मागच्या दारापासून दोघं-तिघं वेदीकडे भाकर आणि द्राक्षारस घेऊन येतात. भाकर म्हणजे गव्हाची, बिनखमिराची, नाण्याएवढी पातळ चकती, हिंदीत होस्तिया. त्यात गहू आणि पाणी सोडून काही चालत नाही. द्राक्षारस खरा द्राक्षांचाच लागतो आणि त्यात पाण्याचे दोन-चार थेंब मिसळतात. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडली, हे माझं शरीर आहे असं म्हणाला, प्याला दिला, हे माझं रक्त आहे असं म्हणाला, आणि माझ्या स्मरणासाठी हे करत राहा, असं सांगितलं. फादर वेदीपाशी तेच शब्द उच्चारतात. त्या क्षणी घंटी वाजते आणि सगळे गुडघ्यावर असतात.

काकूंचा प्रश्न नेमका इथला होता: "ती गोल चकती म्हणजे प्रसादच ना?" हिंदीत तिला परमप्रसादच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे. प्रसाद देवाला दाखवलेलं अन्न असतं आणि तो कुणाला नाकारायचा नसतो. कॅथलिक श्रद्धा याच्या पुढे जाते. त्या शब्दांनंतर भाकर दिसायला, चवीला, वजनाला गव्हाचीच राहते, प्रयोगशाळेत नेली तरी गव्हाचीच निघेल. पण ती आता काय आहे, हे बदललेलं असतं. तो स्वतः येशू आहे, असं आम्ही मानतो. म्हणून ती घेण्याआधी एक तास काही खायचं नाही, मनावर गंभीर पाप असेल तर आधी पापनिवेदन करायचं, आणि जो ही श्रद्धा मानतो आणि चर्चमध्ये सामील झाला आहे त्यानेच ती घ्यायची. पाहुण्यांना ती दिली जात नाही यात दुजाभाव नसतो. समोरच्याने जे मानलेलंच नाही त्यावर त्याच्याकडून आमेन म्हणवून घेणं आम्हाला बरोबर वाटत नाही. ती देताना 'ख्रिस्ताचं शरीर' असं म्हणतात आणि घेणारा 'आमेन', म्हणजे 'तसंच आहे', असं उत्तर देतो. उरलेल्या होस्तिया वेदीमागच्या कुलपाच्या छोट्या पेटीत ठेवतात आणि तिच्याजवळ एक दिवा अखंड जळत असतो. आपला नंदादीपच. दुपारी रिकाम्या चर्चमध्ये कुणी गुडघे टेकून बसलेलं दिसलं, तर तो माणूस एकटा बसलेला नसतो, एवढं त्यावरून समजावं.

भाकर घेण्याच्या थोडं आधी दोन गोष्टी होतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणतात, जिच्यात एक अवघड वाक्य आहे: आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला क्षमा कर. मग शेजारच्याला शांती द्यायची असते. परदेशात हात मिळवतात, आपल्याकडे हात जोडून नमस्कार करतात. म्हणजे क्षमेचं वाक्य तोंडून गेल्यावर लगेच शेजारच्या बाकाकडे वळावं लागतं, आणि तिथे कदाचित आठवडाभर ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो उभा असतो.

या वाक्याचा अर्थ इंदूरकर कॅथलिकांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला काम करत; भूमिहीन आदिवासींनी सावकाराच्या पाशातून सुटावं म्हणून त्यांना एकत्र करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर सुरा चालवला गेला आणि नाचनबोर टेकडीपाशी त्यांचा जीव गेला. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, २००२ साली तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हातावर राखी बांधली. पुढे तो सुटला, त्यांच्या केरळातल्या घरी गेला आणि आईने त्याला मुलासारखं जवळ घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियांना धन्यवादित म्हणून जाहीर करण्यात आलं. संतपदाच्या आधीची ती पायरी. त्या दिवशी मैदानावर मी होते. तेव्हापासून दर रविवारी ते वाक्य म्हणताना मला ती राखी दिसते आणि ज्यांच्याशी माझं पटत नाही त्या बाईंकडे वळून हात जोडायला ती पुरते. कधीकधी पुरत नाही, तेव्हाही हात जोडतेच.

आपल्याकडचा नमस्कार, वेदीपुढे पंचांग प्रणाम, अनवाणी आत जाणं, समईचा दिवा, सणाला फुलं-धूप-दीपाची आरती या गोष्टी मिस्सेत कुठून आल्या, असंही विचारतात. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती. तिने लॅटिनबरोबर लोकभाषेत उपासना करायला वाट मोकळी केली, आणि १९६९ साली भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या अशा बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली. आजीला सुरुवातीला हे पटलं नव्हतं, चर्चमध्ये आरती म्हणजे काय, असं ती म्हणायची. पण मराठीतून मिस्सा सुरू झाली तेव्हा पहिल्यांदाच कळलं की आपण लहानपणापासून देवाशी काय बोलत होतो, हेही तीच सांगायची.

मिस्सेच्या शेवटी सूचना असतात. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कुणाला अडचण ठाऊक असेल तर सांगावी, ही घोषणा तिथेच होते. लग्नावरून वह्यांची गोष्ट आठवली. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची वही असते. मूल, आईवडील, धर्ममातापिता, तारीख, फादरांची सही. माणूस पुढे जगात कुठेही जाऊन लग्न करो, त्याची खबर बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवली जाते आणि तिथे त्या जुन्या नोंदीपाशी ती लिहिली जाते. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मले, लग्न इंदुरात झालं. काही वर्षांपूर्वी आम्ही त्या खेड्यातल्या चर्चमध्ये गेलो तेव्हा तिथल्या फादरांनी वही काढून दाखवली. वडिलांच्या नावापुढे, वेगळ्या शाईत, आईचं नाव आणि इंदूर. गाव सोडून पन्नास वर्षं झालेल्या माणसाचं खातं गावाने बंद केलेलं नव्हतं.

वही ठेवणं हे फादरांचं काम आणि आणखी एक काम असं की ज्याची माहिती फार थोड्यांना असते. धर्मग्रामाच्या प्रमुख फादरांना दर रविवारी एक मिस्सा आपल्या हद्दीतल्या सगळ्या माणसांसाठी अर्पण करावी लागते. एरवी कुणाच्या आईच्या वर्षश्राद्धासाठी, कुणाच्या ऑपरेशनसाठी लोक मिस्सा सांगतात आणि थोडी दक्षिणा देतात. या एका मिस्सेला दक्षिणा नाही. ती जे चर्चला आले त्यांच्यासाठी आणि जे वर्षानुवर्षं फिरकले नाहीत त्यांच्यासाठीही. पैशाचा हिशेब बघायला लोकांमधून निवडलेली अर्थसमिती असते, ती प्रत्येक धर्मग्रामात असावीच लागते.

रविवारी मिस्सेनंतर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असतो आणि मोठ्यांचा चहा. आमच्याकडे पोहे-जलेबी कुणाचा वाढदिवस असेल तर.

बाकीचे वार थोडक्यात. रोज सकाळी साडेसहाला अर्ध्या तासाची मिस्सा असते, दहा-बारा माणसं असतात, बहुतेक सिस्टर आणि निवृत्त मंडळी. बुधवारी संध्याकाळी निरंतर साहाय्य माउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मारियेची, नोव्हेना ही प्रार्थना. माहीमच्या चर्चमुळे मराठी माणसाला बुधवारची गर्दी ठाऊक आहे, तिथे ती १९४८ पासून चालते; आमच्याकडे तीस-चाळीस जण. गुरुवार हा येशूच्या शेवटच्या भोजनाचा वार. शुक्रवार त्याच्या मरणाचा, म्हणून पुष्कळ घरांत त्या दिवशी मटण-चिकन नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी परमप्रसाद घेऊन जातात. शनिवार मारियेचा. चालीसाकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, दर शुक्रवारी क्रूसाची वाट असते. येशूच्या शेवटच्या प्रवासाचे चौदा टप्पे भिंतीवर लावलेले असतात, एकेका टप्प्यापाशी थांबत जायचं. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, हे मराठी माणसाला चटकन कळेल: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. फादरांच्या वस्त्राचा रंग बघितला की कोणता काळ आहे ते कळतं. हिरवा म्हणजे साधे दिवस, जांभळा चालीसाकाळ आणि नाताळची वाट, पांढरा आनंदाचा, लाल पवित्र आत्म्याचा आणि हुतात्म्यांचा.

पण धर्मग्राम खऱ्या अर्थाने जगतं ते आठवड्यातल्या एका संध्याकाळी, कुणाच्या तरी घरी. आठ-दहा शेजारघरांचा मिळून एक छोटा समुदाय केलेला असतो. पाळीपाळीने एकेका घरी बसायचं, येत्या रविवारचं शुभवर्तमान वाचायचं, त्यावर ज्याला जे सुचेल ते बोलायचं, जपमाळ म्हणायची. आमची माळ एकशेआठ मण्यांची नसते. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट, आणि सुरुवातीचे तीन मिळून त्रेपन्न वेळा 'नमो मारिया' म्हणायचं आणि मधे मधे येशूच्या आयुष्यातले प्रसंग मनासमोर आणायचे. आमच्या समुदायात एक दशक हिंदीत, एक मल्याळममध्ये, एक भिलीत, एक उरांवांच्या कुडुखमध्ये आणि एक मी मराठीत म्हणते. प्रार्थनेनंतर खरी कामं निघतात. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलीची फी राहिली, कोण दोन रविवार दिसलं नाही. लहान धर्मग्रामात न येणारा माणूस लगेच ध्यानात येतो आणि सोमवारी त्याच्या दारात कुणीतरी असतं. गरजूंच्या घरी जाण्याचं काम विशेष करून सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक करतात. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये कॉलेजच्या मुलांनी सुरू केली. यांच्या बैठकीत एक थैली फिरते, प्रत्येकाने मूठ मिटून हात घालायचा, किती टाकलं हे शेजारच्यालाही कळू द्यायचं नाही. ज्याच्याकडे काही नाही त्यानेही हात घालायचा असतो.

करोनाच्या पहिल्या लाटेत चर्चला कुलूप होतं, मिस्सा मोबाइलवर बघत होतो. प्रवचन ऐकू यायचं, गाणी ऐकू यायची. माझ्या शेजारी मात्र शांती द्यायला कुणी नव्हतं आणि परमप्रसाद पडद्यातून बाहेर येत नव्हता. चर्च उघडलं त्या रविवारी अंतर राखून बसलो होतो, मास्क होते, आणि हात जोडायची वेळ आली तेव्हा आमच्यातले पुष्कळ जण रडत होते.

जिन्यातल्या गप्पांच्या शेवटी काकूंनी विचारलं होतं, "मी आले तर चालेल का गं?" चालेल म्हणजे काय, दार उघडंच असतं. चपला बाहेर काढायच्या, मागच्या बाकावर माझ्याजवळ बसायचं. लोक उभे राहिले की उभं राहायचं; गुडघे दुखत असतील तर बसून राहायचं, कुणी काही म्हणत नाही. परमप्रसादाच्या वेळी जागेवरच थांबायचं, आणि त्याच्या आधी मी वळून नमस्कार करेन तेव्हा तुम्हीही करायचा. तुमच्या सोयीने येत्या रविवारी आठची मिस्सा धरू. साडेसातला खाली या, ऑटो एकच करू.